रॉयल अ‍ॅस्कॉटला पहिल्यांदाच जातेय, घोड्यावर पैसे कसे लावायचे?

रेडिंगची अमृता (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. ऑफिसचा ग्रुप या गुरुवारी इंग्लंडमधल्या घोड्यांच्या प्रसिद्ध रेसेसना, म्हणजे रॉयल अ‍ॅस्कॉटला चाललाय आणि मलापण ओढलंय. टोपी झाली, ड्रेस झाला, आता राहिला प्रश्न पैशांचा. आजवर मी लॉटरीचं तिकीटसुद्धा काढलेलं नाही. ६० पौंड बाजूला ठेवलेत, गेले तर गेले असं धरूनच. पण नाव गोड वाटलं म्हणून लावला घोडा असं करायचं नाहीये, थोडं कळून करायचंय. ऑफिसातले लोक ईच वे, एसपी, रूल फोर असलं काय काय बोलत असतात आणि मी नुसती मान डोलावते. कोणीतरी मराठीत समजावा प्लीज. आणि हो, कुठला घोडा लावू तेही सांगाच :)

वैतागवाडी
घोडा सांगतो. जो पहिला येईल तो.

कट्ट्यावरचा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

थेम्सकाठचा
अमृता, शिकत होतो तेव्हा हाउन्स्लोला एका बेटिंग शॉपच्या काउंटरवर पार्टटाइम केलंय, त्यामुळे हे सगळं दुसऱ्या बाजूने बघितलेलं आहे.

आधी भाव. ७/२ म्हणजे २ लावले तर ७ मिळतात, वर तुझे २ परत. ५/१ म्हणजे १ ला ५. भाव उलटा असेल, म्हणजे १/२, तर २ लावून १ मिळतो, अशाला ऑड्स-ऑन म्हणतात. एसपी म्हणजे स्टार्टिंग प्राइस, रेस सुटताना जो भाव असतो तो. तू आधीच भाव घेतला असशील तर तुला तो घेतलेलाच भाव मिळतो, एसपी नाही. ऑनलाईन बऱ्याच कंपन्या दोन्हीपैकी जो जास्त तो देतात, पण कोर्सवर रिंगमधे उभे असतात ते बुकी तसं देत नाहीत, तिथे बोर्डावर जे दिसतंय ते घेतलंस की ठरलं.

आता ईच वे. नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. ५ पौंड ईच वे म्हणजे १० पौंड. दोन वेगळ्या बेट असतात त्या, ५ जिंकण्यावर आणि ५ प्लेसवर, म्हणजे पहिल्या काही नंबरांत येण्यावर. अ‍ॅस्कॉटच्या आठवड्यात आमच्याकडे रोज हीच भांडणं. लोक त्या एवढ्याशा पेनने स्लिपवर ५ ईच वे लिहायचे, पाचाची नोट पुढे करायचे, अजून पाच द्या म्हटलं की आम्ही फसवतोय असं तोंड करायचे आणि मागे रांग वाढत जायची आणि पुढची रेस सुटायला दोन मिनिटं राहिलेली असायची.

प्लेस किती द्यायच्या ते रेसवर ठरतं. नेहमीचा नियम असा: ५ ते ७ घोडे असतील तर पहिले दोन, भावाच्या १/४. ८ किंवा जास्त असतील तर पहिले तीन, १/५. हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना सारखी संधी देतात ती रेस) असेल आणि १२ ते १५ घोडे असतील तर तीन पण १/४ ने. १६ किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपला चार, १/४.

उदा. ३० घोड्यांच्या हँडिकॅपमधे २०/१ चा घोडा ५ ईच वे लावला, १० पौंड गेले. घोडा चौथा आला. जिंकण्याचे ५ बुडाले, प्लेसचा भाव २० चा चौथा हिस्सा म्हणजे ५/१, म्हणून २५ आणि मुद्दल ५, एकूण ३० हातात. जिंकला असता तर १०५ आणि ३०, मिळून १३५.

रेडिंगची अमृता
अरे वा, हे कळलं! म्हणजे नेहमी ईच वेच लावायचं ना? सेफ आहे.

थेम्सकाठचा
नाही नाही. ३/१ चा फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, ५ ईच वे लावून बघ, १/५ ने. घोडा दुसरा आला तर प्लेसचे ३ आणि मुद्दल ५, असे ८ हातात येतात. लावलेस १०. म्हणजे घोडा प्लेसमधे येऊनही २ पौंड गेले. लहान भावावर ईच वे लावण्यात काही अर्थ नाही, माझ्या मते ८/१ च्या खाली विचारही करू नये.

पूना रेसवाला
ह्या पोरांचं गणित बरोबर आहे पण गणितावर घोडा पळत नाही. मी पुण्याच्या रेसकोर्सवर कॉलेजात असल्यापासून जातोय, हिवाळ्यात महालक्ष्मीला. मुलगी सरेमधे असते म्हणून अ‍ॅस्कॉटही पाहिलं आहे. बेटा, खिडकीवर जायच्या आधी पॅडॉकला जा. घोडा फिरवतात तिथे उभं राहायचं आणि बघायचं. मागच्या मांड्या भरलेल्या आहेत का, चाल मोकळी आहे का, कान कुठे आहेत. मानेवर आणि मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस आला असेल तर तो घोडा रेस आधीच पळून बसला. उन्हाळ्यात थोडा घाम चालतो, फेस नाही चालत. दोन वर्षांच्या शिंगरांच्या रेसला तर हे फार महत्त्वाचं, कारण त्यांचा फॉर्म म्हणजे एखाद-दोन रेसचा, पुस्तकात वाचायला काही नसतंच.

आणि मी टोटवाला माणूस, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात (पूलमधे) जमा होतात आणि जिंकणाऱ्यांत वाटले जातात ते. आमच्याकडे टोटवर विन, प्लेस, फोरकास्ट, टॅनाला, जॅकपॉट हेच खेळत आलो.

सांख्यिकी सदाशिव
काकांचा आदर आहे पण पॅडॉकमधे कान बघून पैसे मिळत असते तर सगळे व्हेट श्रीमंत असते. अमृता, एक गोष्ट समजून घे, तुझी स्पर्धा घोड्यांशी नाही, भावाशी आहे. घोडा चांगला आहे हे तर सगळ्या जगाला माहीत असतं आणि ते भावात आधीच आलेलं असतं.

५ घोड्यांची रेस धर. भाव ६/४, ३/१, ४/१, ६/१, ९/१. प्रत्येक भावातून निघणारी शक्यता काढायची, १०० भागिले (भाव अधिक १). ४०, २५, २०, १४.३, १०. बेरीज १०९.३. असायला हवी होती १००. वरचे ९.३ म्हणजे बुक्याचं घर चालतं ते. आणि हे पाच घोड्यांचं झालं. घोडे वाढले की हा आकडा वाढत जातो, मी ढोबळ हिशोब धरतो प्रत्येक घोड्यामागे टक्का-दीड टक्का. ३० घोड्यांच्या हँडिकॅपला काय होत असेल ते तूच बघ. तिथे २५/१ चा बोर्ड दिसायला फार छान दिसतो पण खरा भाव ४०/१ असू शकतो.

पूना रेसवाला
सदाशिवराव, व्हेट लोक पैसे लावत नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं? :)

वैतागवाडी
काका १, सदाशिव ०.

कट्ट्यावरचा
माझी टिप: अ‍ॅस्कॉटला जॉकी डेटोरी असायचा तेव्हा डोळे झाकून त्याचाच घोडा. एकदा रॉयल अ‍ॅस्कॉटला त्याने एका दिवसात सातच्या सात रेस जिंकल्या होत्या, बुकी रस्त्यावर आले होते.

थेम्सकाठचा
सात जिंकल्या हे खरं, अ‍ॅस्कॉट हेही खरं, पण रॉयल मीटिंग नव्हे. २८ सप्टेंबर १९९६, शरदातली मीटिंग होती ती. सातही घोड्यांचं अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे सातही जिंकतील अशी एकत्र बेट, २५ हजाराला एकच्या वर गेलं होतं. गंमत शेवटच्या घोड्याची आहे. फुजियामा क्रेस्ट सकाळी १२/१ ला मिळत होता, सुटताना २/१ झाला. घोडा तोच, जॉकी तोच, वजन तेच. फक्त पहिले सहा जिंकले म्हणून पुढचं नुकसान झाकायला देशभरच्या दुकानांतून बुक्यांचा पैसा कोर्सवर त्याच घोड्यावर आला आणि भाव आपटला. सदाशिव म्हणतोय त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, २/१ ला तो घोडा घेणं शुद्ध वेडेपणा होता. आणि तो जिंकला :)

सांख्यिकी सदाशिव
जिंकला म्हणून बेट चांगली ठरत नाही. पण असो, हे वाक्य मी प्रत्येक धाग्यावर लिहितो आणि प्रत्येक धाग्यावर मार खातो.

निशिगंध
थोडा विरजणाचा प्रतिसाद देते, राग मानू नका. अमृता, साठ पौंड कॅशमधे ने आणि कार्ड बंद ठेव. अ‍ॅप डाउनलोड करू नकोस. आम्ही घर घेताना बँकेने तीन महिन्यांची स्टेटमेंट मागितली, त्यात नवऱ्याच्या खात्यावर बेटिंग कंपनीच्या वीसेक ओळी निघाल्या, सगळ्या ५-१० पौंडांच्या. त्यावर आम्हाला लेखी खुलासा द्यावा लागला आणि मॉर्गेज जवळजवळ लटकलं. रक्कम काहीच नव्हती, पण रोज संध्याकाळी एक ओळ होती ते त्यांना खटकलं. आणि खरं सांगायचं तर मलाही ती स्टेटमेंट बघेपर्यंत कळलं नव्हतं. नंतर त्याने स्वतःच गॅमस्टॉपवर नाव घातलं. त्यात नाव घातलं की ब्रिटनमधल्या सगळ्या लायसन्सवाल्या ऑनलाईन कंपन्या दार बंद करतात, मधेच वाटलं म्हणून उघडता येत नाही. कोणाला गरज असेल तर माहिती असावी म्हणून लिहिलं.

रेडिंगची अमृता
निशिगंध ताई, राग कसला, थँक्यू. कॅशच नेते. अ‍ॅप नाही.

गायकवाडवाडा
अवांतर आहे, पण अ‍ॅस्कॉट निघालंच आहे तर. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली इंग्लंडमधे एक शिंगरू २८,००० गिनीला घेतलं, त्या काळी तो विक्रम होता. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकलेला. महाराजांनी नाव ठेवलं सयाजीराव! त्या घोड्याने १९४७ ला आयरिश डर्बी आणि सेंट लेजर मारली आणि १९४८ ला रॉयल अ‍ॅस्कॉटला हार्डविक स्टेक्स. त्याच १९४८ मधे त्यांचाच माय बाबू नावाचा घोडा २००० गिनीज नावाची रेस जिंकला. म्हणजे देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष होत नाही तोवर इंग्लंडच्या राजाच्या कोर्सवर सयाजीराव पहिला आला असं तिथल्या लोकांनी ऐकलं असणार. आमच्या घरी आजोबा हे फार चवीने सांगायचे.

कट्ट्यावरचा
हे माहीतच नव्हतं. धागा सार्थकी.

पूना रेसवाला
गायकवाड सरकारांचं प्रेम होतंच घोड्यांवर. छान आठवण काढलीत.

रेडिंगची अमृता
मस्तच! पण मंडळी, माझा गुरुवार. कोणत्या रेसला किती लावू?

थेम्सकाठचा
गुरुवार म्हणजे गोल्ड कपचा दिवस, लेडीज डे. दोन वाजता राजघराण्याच्या बग्ग्या येतात, मग अडीचपासून रेसेस, एकूण सात. सगळ्या सातही खेळायच्याच असा काही नियम नाही हे आधी डोक्यात ठेव. कार्डावर पहिल्यांदा घोड्यांची नावं बघू नकोस. किती घोडे आहेत आणि हँडिकॅप आहे की नाही एवढंच बघ.

पहिली नॉरफोक स्टेक्स, दोन वर्षांच्या शिंगरांची, ५ फर्लांग, मिनिटभरात खेळ खलास. २०२३ ला इथेच व्हॅलियंट फोर्स १५०/१ ला जिंकला. रॉयल अ‍ॅस्कॉटच्या इतिहासात याहून मोठ्या भावाचा विजेता नाही, बरोबरीचा एकच आहे, २०२० च्या कॉव्हेंट्रीमधला नँडो पराडो, तोही १५०/१ आणि तोही दोन वर्षांचाच. यावरून काय ते समज. अशा रेसला मी नुसता बघतो, किंवा काका म्हणतात तसं पॅडॉकला जाऊन यायचं.

मग किंग जॉर्ज पाचवा स्टेक्स, तीन वर्षांच्या घोड्यांचं दीड मैलाचं हँडिकॅप. राजा चार्ल्सला रॉयल अ‍ॅस्कॉटचा पहिला विजय इथेच मिळाला, २०२३ ला डेझर्ट हीरो, १८/१. ही ईच वेची रेस.

गोल्ड कप उलट प्रकार. अडीच मैल, म्हणजे जवळपास ४ किलोमीटर. इतकं लांब पळणारे वरच्या दर्जाचे घोडे मुळात थोडे, आणि ज्याला जमतं त्याला पुन्हा पुन्हा जमतं. येट्सने २००६ ते २००९ लागोपाठ चार मारले, स्ट्रॅडिव्हेरियसने तीन, किप्रिओसने २०२२ आणि २०२४. २०१३ ला एस्टिमेटने जिंकला तेव्हा राणी स्वतः मालकीण होती, राज्यावर असलेल्या राजा-राणीचा घोडा गोल्ड कप जिंकल्याची ती पहिलीच वेळ, आणि ती ७/२ ची फेव्हरिट होती. इथे फॉर्म वाचून काहीतरी हाती लागतं. फक्त एक बघ, घोडा दोन मैलांच्या पुढे आधी पळलाय का. दीड मैलाचा भारी घोडा शेवटच्या चढावर उभा राहिलेला मी बघितलाय.

त्यानंतर ब्रिटानिया. तीन वर्षांचे तीसेक घोडे सरळ मैलावर. अर्ध्या घोड्यांचा खरा दर्जा अजून वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरलासुद्धा कळलेला नसतो, तो लॉटरीचाच भाऊ.

सांख्यिकी सदाशिव
ब्रिटानिया, बुधवारचा रॉयल हंट कप आणि शनिवारचा वोकिंगहॅम, तिन्हीला ड्रॉ, म्हणजे घोडा कितव्या स्टॉलमधून सुटतोय ते, बघायचा. सरळ ट्रॅकवर एवढे घोडे आले की दोन टोळ्या होतात, एक पलीकडच्या कठड्याने आणि एक स्टँडच्या बाजूने. कमी नंबरचे स्टॉल पलीकडे, मोठे नंबर स्टँडकडे. ज्या बाजूला वेग धरणारे घोडे जास्त ती बाजू बहुतेक वेळा पुढे राहते, आणि चुकीच्या टोळीतला उत्तम घोडा स्वतःच्या बाजूला पहिला येऊन एकूणात नववा येतो. आठवडाभरात कुठली बाजू चालतेय ते बुधवारच्या हंट कपवरून थोडंफार कळतं, म्हणून गुरुवारवाल्यांनी तो बघायचाच. पण एका रेसवरून ठाम मत करू नकोस, रात्री पाणी मारतात, कठडे हलवतात.

थेम्सकाठचा
ईच वेची आणखी एक खाच. अ‍ॅस्कॉटच्या आठवड्यात चढाओढ असते म्हणून दुकानं आणि ऑनलाईनवाले मोठ्या हँडिकॅपला चारऐवजी सहा, कधी सात प्लेस देतात. पाटी मोठी लावतात. खाली बारीक अक्षरात १/५ असतं. तेच २०/१, तेच ५ ईच वे: चार प्लेसला ३० मिळत होते, इथे २५. पण पाचवा-सहावा आला तरी मिळतात. तीस घोड्यांत मी सहा प्लेस घेईन, सोळा-सतरा घोड्यांत विचार करीन.

आणि नॉन-रनर. रेसला बरोबर १६ घोडे असतील आणि सकाळी एक काढला तर झाले १५, चौथी प्लेस गेली. तुझा चौथा आलेला घोडा मग काही देत नाही. अशी बेट लावून बसलेले लोक दुकानात टीव्हीसमोर देव पाण्यात घालून बसायचे की सोळावा घोडा स्टॉलमधे नीट शिरू दे.

रूल फोर पण यातलाच. तू भाव घेतल्यावर एखादा घोडा निघाला तर तुझ्या जिंकलेल्या रकमेतून कापतात, कारण तुझं काम सोपं झालं. निघालेला घोडा २/१ चा असेल तर पौंडामागे ३० पेन्स, इव्हन्सचा (१/१) असेल तर ४५, १४/१ च्या वरचा असेल तर काही नाही. मुद्दलाला हात लावत नाहीत.

रेडिंगची अमृता
हे तर इन्शुरन्सच्या पॉलिसीसारखं झालं, सगळं बारीक अक्षरात!

पूना रेसवाला
म्हणून म्हणतो टोटवर जा. रूल फोर नाही, घोडा निघाला तर पैसे परत. अ‍ॅस्कॉटच्या आठवड्यात टोटच्या पूलमधे हाँगकाँगचा पैसा एकत्र येतो, २०१९ पासून, त्यामुळे पूल मोठा असतो आणि अनोळखी घोड्याला कधी कधी बुक्यापेक्षा टोटचा भाव जास्त निघतो. आणि बेटा, तुझ्यासारख्या ग्रुपला प्लेसपॉट सगळ्यात उत्तम. पहिल्या सहा रेसेसमधे प्रत्येकी एक घोडा, जिंकायला नको, फक्त प्लेसमधे यायला पाहिजे. दुपारभर करमणूक. तीन रेसना दोन-दोन घोडे घे, तीनला एक-एक. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ लाईन, म्हणजे आठ वेगळ्या जुळण्या. ५० पेन्सने ४ पौंड. तुझा घोडा आयत्या वेळी निघाला तर आपोआप फेव्हरिटवर जातो.

इथे आमच्याकडे काय अवस्था आहे विचारू नका. लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, आता ४० झालाय. तिकडे खेळणाऱ्याला कर शून्य.

थेम्सकाठचा
शून्य आहे पण २००१ पासून. त्याआधी ९ टक्के कापायचे, आणि गंमत म्हणजे लावताना भरायचे की जिंकल्यावर ते गिऱ्हाईक ठरवायचं. आमच्या दुकानातले म्हातारे माझ्या वेळीसुद्धा स्लिप देताना सवयीने विचारायचे, टॅक्स धरलास का रे. आता सरकार बुक्याच्या नफ्यावर घेतं, खेळणाऱ्याकडून नाही. तो भावातून वसूल होतो, ती गोष्ट वेगळी.

डोंबिवली फास्ट लोकल
मी भारतातून लावू शकतो का अ‍ॅस्कॉटवर? एका टेलिग्राम ग्रुपवर एकजण फिक्स टिप देतोय, आधी २००० भरायचेत.

निशिगंध
नका हो. २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानंतर तर अजिबात नका. बाहेरच्या साईटवर पैसे पाठवणं बेकायदेशीर, आणि परत मिळाले नाहीत तर तक्रार कोणाकडे करणार?

थेम्सकाठचा
आणि फिक्स टिपवाल्याचा धंदा असा असतो: ८ घोड्यांची रेस, ८ ग्रुप, प्रत्येकाला वेगळा घोडा. एक ग्रुप नक्की खूश होतो, पुढच्या वेळी त्याच ग्रुपकडून १० हजार. खरंच खात्री असलेला माणूस २००० रुपयांसाठी तुला सांगेल होय?

डोंबिवली फास्ट लोकल
ओके. ग्रुप सोडला.

वैतागवाडी
या धाग्याने २००० वाचवले. आतापर्यंतचा एकमेव नक्की फायदा.

सांख्यिकी सदाशिव
खात्रीवरून आठवलं. २०१२ च्या रॉयल अ‍ॅस्कॉटला एका आठवड्यात दोन नक्की घोडे होते. मंगळवारी फ्रँकेल क्वीन अ‍ॅन स्टेक्सला, भाव १/१०, ११ लेंग्थने, म्हणजे अकरा घोड्यांच्या लांबीने, जिंकला. शनिवारी ऑस्ट्रेलियाहून आलेली ब्लॅक कॅव्हियर, एकदाही न हरलेली, भाव १/६. शेवटी जॉकीला वाटलं झालं काम, त्याने हात सैल सोडले आणि मागून फ्रेंच घोडी आली. नुसत्या डोक्याच्या अंतराने वाचली. ज्यांनी ६०० लावून १०० कमवायचे म्हटले होते त्यांची फोटो फिनिशचा निकाल लागेपर्यंत काय हालत झाली असेल. १/६ म्हणजे सातपैकी सहा वेळा जिंकायलाच हवी, तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीत सुटता.

पूना रेसवाला
त्या शनिवारी मी होतो तिथे. ऑस्ट्रेलियन लोक तिच्या रंगाचे, सॅमन गुलाबी आणि काळे ठिपके, टाय घालून आले होते. फोटो म्हणून पुकारलं तेव्हा बाजूचा माणूस मटकन खाली बसला. पैशासाठी नाही हो, घोडी हरली की काय म्हणून.

रेडिंगची अमृता
शुक्रवार सकाळ, रिपोर्ट देतेय!

वेदर भारी, गोइंग, म्हणजे ट्रॅकची जमीन, गुड टू फर्म होतं. स्टेशनवरून चढ चढताना हिल्स घालून आलेल्या बायकांचे हाल बघवत नव्हते, मी फ्लॅट्स घातले होते. प्लेसपॉट ४ पौंडाचा लावला काका, तिसऱ्या रेसलाच मेला. नॉरफोकला पैसे लावले नाहीत, पॅडॉकला गेले. एक शिंगरू एवढं नाचत होतं की सांभाळणारी मुलगी ओढली जात होती, मानेवर फेस. ते शेवटून दुसरं आलं! काका तुम्ही ग्रेट.

किंग जॉर्जला १६/१ चा ५ ईच वे, तिसरा आला, बुक्याने १/४ ने ५ वर ४/१ दिले, २५ हातात. गोल्ड कपला सगळ्यांच्या आवडीचा नाही घेतला, दुसऱ्या नंबरच्या भावाचा १० विन घेतला. हरला पण शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. ब्रिटानियाला ५ ईच वे, माझा घोडा कुठे होता तेच शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटची रेस लावलीच नाही, तोवर पाय गेले होते. एकूण ३४ लावले, २५ आले.

पण एक झालंय. माझ्या टीममधल्या मुलीने ब्रिटानियाला ३३/१ चा ५ ईच वे लावला, घोडा चौथा आला, ती म्हणाली हरला आणि तिकीट तिथेच टाकलं. मी उचलून पर्समधे ठेवलंय. ते चालेल ना?

थेम्सकाठचा
चौथा, आणि तीसेक घोडे? मग सरळ प्लेस आहे ती. ३३ चा चौथा हिस्सा ८.२५, पाचाने ४१.२५, वर मुद्दल ५, म्हणजे ४६.२५. बोर्डावर १/५ लिहिलेलं असेल तर ३८. तिकिटावर बुक्याचं नाव छापलेलं असतं ते बघ. मीटिंग शनिवारपर्यंत आहे, तो बहुतेक त्याच पिचवर (त्याच्या ठरलेल्या जागेवर) असेल. कोणी जाणार असेल तर त्याच्याबरोबर पाठव, नाहीतर तिकिटाचा फोटो काढून ठेव आणि त्याला फोन लाव, खरं तिकीट मात्र हातातून सोडू नकोस.

सांख्यिकी सदाशिव
मी शनिवारी जातोय, वोकिंगहॅमला. खरडवहीत निरोप टाक, रेडिंग स्टेशनवरून घेतो.

पूना रेसवाला
सदाशिवराव, वोकिंगहॅमला कोण?

सांख्यिकी सदाशिव
ड्रॉ बघितला काका. काल मोठ्या नंबरांचं बरं चाललं म्हणून सगळे स्टँडच्या बाजूचे भाव पाडतायत. मी पलीकडचा एक बघतोय, २५/१, सात प्लेस.

पूना रेसवाला
पॅडॉकला जाऊन या मग.

सांख्यिकी सदाशिव
जाईन. कान बघून कळवतो.